रियाजालाही वाफसा लागतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्या जवळ आल्या की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील संगीत वर्गांमध्ये एकच लगबग सुरू होते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या नोव्हेंबर-डिसेंबर सत्राच्या परीक्षा तोंडावर आलेल्या असतात, प्रारंभिकपासून विशारदपर्यंतची मुले वह्या शोधू लागतात आणि पालक आम्हा शिक्षकांना विचारतात, "सर, रोज किती तास बसवू?" अमळनेर येथे गेली सव्वीस वर्षे मी तबल्याचा वर्ग चालवतो आणि त्यांतली निदान वीस वर्षे मी या प्रश्नाला तासांतच उत्तर देत आलो: परीक्षेला महिना असेल तर दोन तास, पंधराच दिवस उरले असतील तर तीन. ते उत्तर चुकीचे होते असे आता माझे मत झाले आहे, आणि ते का चुकीचे होते हे पालकांपुढे व माझ्याप्रमाणेच तालुक्याच्या गावी वर्ग चालवणाऱ्या शिक्षकांपुढे मांडावे, एवढ्यासाठी हे पत्र. पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे. कात्री लावावी लागली तर माझ्या आठवणींना लावावी, प्रयोगांच्या माहितीला लावू नये, ही विनंती.

माझे मत बदलण्यास एक विद्यार्थी कारण झाला. 'प्रवेशिका पूर्ण'ला बसलेला हा मुलगा वर्गात अगदी तयार समजला जात होता. त्रिताल, झपताल, एकताल आणि मग रूपक, अशा पुस्तकातल्या क्रमाने तो दररोज दीड तास वाजवी आणि प्रत्येक ठेका (तालाचे मूळ बोल) व त्याचा कायदा (ठरावीक बोलांवर बांधलेली, विस्तार करता येणारी रचना) पंचवीस-तीस वेळा घोटून मगच पुढे जाई. परीक्षकांनी सुरुवातच रूपकापासून केली आणि त्याची दुप्पट (दुप्पट वेगातले बोल) हातावर टाळी देऊन म्हणायला सांगितली. रूपकाच्या सात मात्रांमध्ये पहिलीच मात्रा खालीची, म्हणजे टाळी न देता हात मोकळा टाकायची असते, हे त्याला पाठ होते. पण इतर तालांच्या सवयीने त्याने समेवर, म्हणजे त्या पहिल्या मात्रेवर, टाळी दिली, तिथेच अडखळला आणि पुढचा कायदाही घसरला. परत आल्यावर मी त्याला वर्गात बसवून झपताल आणि एकताल वाजवायला लावले व त्यानंतर रूपक विचारला, तर तो त्याने बिनचूक म्हटला. म्हणजे त्याला येत होता तो एकतालानंतरचा रूपक. सुटा रूपक त्याच्याकडून मी कधी करूनच घेतला नव्हता.

पुण्यात मानसशास्त्र शिकणाऱ्या माझ्या भाचीला मी ही हकिगत सांगितली, तेव्हा तिने मला काही शोधनिबंध वाचून समजावून दिले. त्यांतला जो मला सर्वांत जास्त पटला, तो जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन या दोन अमेरिकी संशोधकांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेला हाताच्या हालचालींचा प्रयोग होय. दिवा लागताच हात चालवून समोरचे छोटे अडसर ठरावीक क्रमाने पाडायचे, असे तीन वेगवेगळे क्रम त्यात शिकायचे होते. एका गटाने पहिला क्रम पुरता घोटून मग दुसरा आणि त्यानंतर तिसरा घेतला; दुसऱ्या गटाला तेच तीन क्रम तेवढ्याच वेळा, परंतु उलटसुलट मिसळून देण्यात आले. सराव चालू असताना पहिला गट स्पष्टपणे पुढे होता आणि दुसरा चाचपडत होता. दहा दिवसांनी पुन्हा तपासले तेव्हा मात्र चाचपडणाऱ्या गटाने चांगली कामगिरी केली आणि आधी सफाईने करणारे मागे पडले. याचा उलगडा असा केला जातो की एकच हालचाल लागोपाठ करताना मेंदूला तिची आखणी नव्याने करावी लागत नाही, कारण नुकतीच केलेली आखणी तशीच हाताशी असते. मध्ये दुसरे काही आले की ती बाजूला पडते आणि परत येताना ती मुळापासून उभारावी लागते. ही उभारणीच शिकणे पक्के करते. परीक्षेच्या खोलीत किंवा मैफलीत आपल्याला जे करावे लागते ते नेमके हेच असते, कारण तिथे कोणतीही गोष्ट पंचवीस वेळा वाजवून हात गरम करण्याची सवलत मिळत नाही.

शिक्षक म्हणून मला यातला सर्वांत बोचणारा भाग हा वाटतो की वर्गात जी सफाई पाहून आपण 'हात बसला' म्हणतो, ती सफाई बऱ्याच वेळा त्या अर्ध्या तासापुरतीच असते. मुलगा अडखळला की आपल्याला आणि दाराशी उभ्या असलेल्या त्याच्या आईला वाईट वाटते, सलग वाजवला की बरे वाटते, आणि या बरे वाटण्यावरच आपण आठवड्याचा पाठ ठरवतो.

आता माझ्या वर्गात पाऊण तासाचा रियाज वेगळ्या रीतीने होतो. 'तेटे'चा कायदा पाच मिनिटे, मग झपतालाचा ठेका एकपट-दुप्पट, मग 'तिरकिट'चा रेला (जलद बोलांची रचना), पुन्हा तोच 'तेटे'चा कायदा पण या वेळी त्याचा तिसरा पलटा (बोलांची उलटापालट) आधी, आणि मग एखादी तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा), असा फेरा चालतो. प्रत्येक गोष्ट दिवसभरात तेवढ्याच वेळा वाजते, मात्र ती एका जागी साचत नाही. गायनाच्या वर्गात याचा उपयोग आणखी मोठा आहे. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर आहेत, पण भूपात वादी (मुख्य स्वर) गंधार आहे आणि देशकारात धैवत. राग एकमेकांत मिसळू नयेत या भीतीने आपण एक राग पुरा होईपर्यंत दुसऱ्याला हात लावू देत नाही. माझ्या शेजारच्या गायनाच्या बाईंनी 'मध्यमा' परीक्षेच्या मुलींकडून हे दोन राग एकाच बैठकीत आलटून पालटून आळवून घेतले, तेव्हा पहिले दोन आठवडे खरोखरच गोंधळ झाला. त्यानंतर मात्र त्या मुली धैवतावर नुसत्या थांबल्या तरी राग ओळखू येऊ लागला. वेगळेपण शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही, असे त्या बाईंचे म्हणणे. एक पथ्य मात्र पाळावे लागते: ज्याला अजून 'ना' आणि 'तिं' यांचा निकासच (बोल नेमका काढण्याची रीत) साधलेला नाही, त्याला मिसळून काही देऊ नये. हाताला वळण लागेपर्यंत एकच गोष्ट सलग करणे योग्य आणि ते लागल्यावर मिसळायचे. हे वळण लागले की नाही हे ओळखणे शिक्षकाचे काम आहे, ते कोणताही प्रयोग आपल्यासाठी करून देणार नाही.

लयीच्या बाबतीतही असेच आहे. कर आणि बूथ या संशोधकांनी १९७८ साली आठ वर्षांच्या मुलांना ठरावीक अंतरावरील खुणेवर छोट्या पिशव्या टाकायला शिकवले. काहींनी केवळ तीन फुटांवरून सराव केला, तर काहींनी दोन आणि चार फुटांवरून, आणि तीन फुटांवरून एकदाही नाही. परीक्षा तीन फुटांची घेतली, तरी दोन आणि चार फुटांवाली मुलेच सरस ठरली. भ्रमणध्वनीवरच्या लेहऱ्याची (तबल्याला साथ देणाऱ्या, फिरत राहणाऱ्या सुरावटीची) गती एकाच आकड्यावर ठेवून महिनाभर वाजवणाऱ्यांनी ती रोज थोडी खाली-वर करून पाहावी.

दुसरी गोष्ट वहीची. पालक मुलाला वही उघडून बसवतात आणि मुलगा वहीत पाहून कायदा वाजवत राहतो. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी विद्यार्थ्यांना काही उतारे दिले. एका गटाने ते पुन्हा वाचले, दुसऱ्याने न पाहता आठवतील तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी विचारले तर पुन्हा वाचणारे पुढे, आणि आठवड्याने विचारले तर न पाहता लिहिणारे पुढे. वाजवण्यापूर्वी वही बंद करावी, अडले तर आठवण्याचा प्रयत्न करावा आणि अगदीच सुचले नाही तर उघडावी, एवढा बदल घरोघरी फुकटात होण्यासारखा आहे. आपल्याकडे श्रावणात कानबाईचे जागरण होते तेव्हा म्हाताऱ्या बायांना रात्रभर गाणी आठवत असतात. एक अडते, दुसरी पुढचा शब्द देते, मग तिसरी वेगळेच कडवे काढते आणि त्यावरून दोघींचा वादही होतो. त्यांच्या हातात कधी वही नसते. ती गाणी टिकून राहण्यामागे वर्षाकाठी एकदा होणारी ही आठवणींची झटापट असावी, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

आता तासांच्या प्रश्नाकडे येतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले की पाठांतर एका बैठकीत कोंबण्यापेक्षा काही दिवसांत विभागून केले तर कमी आवृत्त्यांत साधते. त्यांनी निरर्थक अक्षरसमूह पाठ केले होते, पण हाच नियम पुढे हालचालींच्या शिक्षणातही पुनःपुन्हा आढळला. त्यातला झोपेचा वाटा तर विशेष आहे. २००२ साली मॅथ्यू वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना चार बोटांनी पाच आकड्यांचा एक क्रम भराभर दाबायला शिकवले. सकाळी शिकून त्याच दिवशी संध्याकाळी पुन्हा पाहिले, तर फारसा फरक पडला नव्हता. रात्रीची झोप झाल्यावर मात्र कोणताही जादा सराव न करता गती सुमारे २० टक्क्यांनी वाढली होती आणि चुका वाढल्या नव्हत्या. परीक्षेच्या आदल्या रात्री बारा वाजेपर्यंत मुलाला तबल्यावर बसवणारे पालक त्याच्याकडून नेमकी हीच कमाई काढून घेतात.

झोप तर मोठी विश्रांती झाली. परंतु अगदी काही सेकंदांचे थांबणेही वाया जात नाही, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील लिओनार्डो कोहेन यांच्या गटाने २०१९ मध्ये मांडले. दहा सेकंद बोटे चालवायची आणि दहा सेकंद थांबायचे, अशा सरावात सुरुवातीची बहुतेक प्रगती चालवण्याच्या दहा सेकंदांत न होता थांबण्याच्या दहा सेकंदांत झालेली दिसली. त्याच गटाने २०२१ मध्ये असेही नोंदवले की या छोट्या थांब्यांत मेंदू तो क्रम स्वतःशीच, प्रत्यक्षाच्या सुमारे वीसपट वेगाने, पुन्हा पुन्हा उजळतो. हे सर्वच संशोधकांना मान्य आहे असे नाही. थांबल्यावर दिसणारी ही वाढ, आणि झोपेनंतर दिसणाऱ्या वाढीचाही काही भाग, निव्वळ थकवा उतरल्यामुळे असतो असे म्हणणारेही आहेत आणि त्यांच्या बाजूनेही प्रयोग आहेत. शिक्षकाच्या दृष्टीने मात्र दोन्ही पक्षांचा सल्ला एकच पडतो, तो म्हणजे थांबावे.

हे सारे मी एका पालकांना समजावत होतो. ते कापूस आणि दादर (रब्बी ज्वारी) करणारे शेतकरी. 'मेंदू' शब्द आला की त्यांचे लक्ष घड्याळाकडे जाई. थांबण्याची गोष्ट ऐकल्यावर मात्र ते एकदम म्हणाले, "हाई ते वाफसानीच गोट शे, सर." (ही तर वाफशाचीच गोष्ट आहे.) आणि खरोखरच, यापेक्षा चांगला शब्द मला पुढे कोणत्याही निबंधात सापडला नाही. पाऊस पडून गेला की कोणी लगेच औत घालत नाही. पाणी निचरून मातीत हवा खेळू लागली, वाफसा आला, की मगच पेरणी. ओल्यात घातले तर ढेकळे निघतात आणि फार थांबले तर जमीन आवळते. रविवारी सलग दोन तास वर्ग घेऊन सोमवार ते शनिवार काहीच न करण्याची जी पद्धत आमच्याकडे गावोगाव पडली आहे, तिच्यात या दोन्ही चुका एकाच वेळी होतात. शिक्षक जळगावहून किंवा धुळ्याहून एस.टी.ने येतात, त्यांना आठवड्यात एकदाच जमते, ही अडचण मला ठाऊक आहे, कारण पारोळ्याला मीही तसाच जात असे. यावर मी काढलेला उपाय असा की रविवारचा पाठ दीड तासाचा करायचा आणि उरलेल्या अर्ध्या तासाच्या मोबदल्यात बुधवारी व शुक्रवारी मुलांनी दोन-दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण पाठवायचे. ते ऐकायला मला प्रत्येकी तेवढीच मिनिटे लागतात.

चुकांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात रॉबर्ट ड्यूक आणि सहकाऱ्यांनी १७ पियानो विद्यार्थ्यांना शोस्ताकोविच यांच्या रचनेतला एक छोटा अवघड तुकडा बसवायला दिला, हवा तेवढा वेळ दिला आणि दुसऱ्या दिवशी तो वाजवून घेतला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कोण किती मिनिटे बसला किंवा किती वेळा वाजवला याचा त्याच्या क्रमांकाशी संबंध आढळला नाही. वरच्या क्रमांकांचे विद्यार्थीही इतरांइतक्याच चुका सुरुवातीला करत होते. मात्र चूक नेमकी कुठे आणि कशामुळे झाली हे शोधून, तेवढाच भाग संथ करून, ती पुन्हा होणार नाही अशी व्यवस्था ते करत. आपल्याकडचा विद्यार्थी 'धिरधिर'वर अडखळला की पहिल्यापासून सुरू करतो, सोपा भाग अकराव्यांदा छान वाजवतो आणि त्याच 'धिरधिर'वर त्याच वेगात पुन्हा अडखळतो. मेंदू या अकरा चुकांना चुका समजत नाही. त्याच्या लेखी तो अकरा वेळा झालेला सराव असतो.

ज्यांच्या घरी तबल्याचा आवाज शेजाऱ्यांना सोसत नाही, त्यांच्यासाठी एक प्रयोग मुद्दाम सांगतो. अल्व्हारो पास्कुअल-लिओन आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली काही जणांना पाच दिवस, रोज दोन तास, पाच बोटांचा एक धडा पियानोच्या पट्ट्यांवर शिकवला, आणि दुसऱ्या काही जणांना तोच धडा बोट न हलवता केवळ मनात वाजवायला सांगितला. बोटांचे नियंत्रण करणारा मेंदूचा भाग दोन्ही गटांत सारखाच विस्तारलेला दिसला. प्रत्यक्ष वाजवण्यात मनातल्या मनात वाजवणारे थोडे मागे होते, परंतु एकदा दोन तास वाद्यावर बसल्यावर त्यांनी बरीच भरपाई केली. आमचे गुरुजी पढंतीवर (बोल तोंडाने म्हणण्यावर) एवढा भर का देत, याचे एक कारण यात असावे. तरुणपणी मी भुसावळकडे जाणाऱ्या पॅसेंजरने जळगावला शिकायला जात असे, आणि अमळनेर सोडल्यापासून धरणगाव येईपर्यंत एक पेशकार (तबलावादनाच्या सुरुवातीची रचना) डोळे मिटून मनातल्या मनात वाजवायचा, असा मला दंडक होता. डब्यातल्या लोकांना मी झोपलो आहे असेच वाटे.

यावरून आमच्या पूर्वजांना सगळे मेंदूविज्ञान आधीच ठाऊक होते, असा निष्कर्ष काढणाऱ्यांच्या रांगेत मला उभे राहायचे नाही. पढंत त्यांनी दिली, विलंबित लयीचा आग्रह त्यांनी धरला, त्याचप्रमाणे चाळीस दिवसांच्या चिल्ल्याचे (अखंड रियाजाच्या व्रताचे) आणि बोटांतून रक्त येईपर्यंत वाजवण्याचे कौतुकही त्यांनीच आपल्यात रुजवले. शिवाय वर उल्लेखलेले बहुतेक प्रयोग लहान गटांवर आणि सोप्या हालचालींवर झालेले आहेत. त्यांवरून बडा ख्याल कसा शिकवावा याचे नियम निघत नाहीत. दहा हजार तासांची जी दंतकथा पालकांच्या तोंडी असते, तिच्याबाबतही हेच. अँडर्स एरिक्सन यांनी १९९३ साली बर्लिनच्या संगीत अकादमीतील व्हायोलिन विद्यार्थ्यांवर जो निबंध लिहिला, त्यात सर्वोत्तम गटाची विसाव्या वर्षापर्यंतची ती सरासरी होती. तेवढे तास भरले की कोणीही कलावंत होतो असे त्यांनी म्हटले नव्हते. त्याच निबंधात असेही आहे की हे उत्तम विद्यार्थी मधे विश्रांती घेत थोड्या थोड्या बैठकींत सराव करत, इतरांपेक्षा जास्त झोपत आणि दुपारी डुलकीही काढत. वैशाखात पारा पंचेचाळिसाला टेकणाऱ्या खान्देशात तरी याबद्दल कोणाची समजूत घालावी लागू नये.

तेव्हा परीक्षेच्या या हंगामात पालकांना माझी विनंती आहे की मुलाला सलग दोन तास बसवण्याऐवजी सकाळी पंचवीस मिनिटे व संध्याकाळी पंचवीस मिनिटे बसवावे, वही आपल्या हातात ठेवावी, अभ्यासक्रमातले काहीही, कोणत्याही क्रमाने विचारावे आणि तो अडखळला तर रागावू नये. वर्गचालकांनी निदान शेवटचे तीन आठवडे पुस्तकाचा क्रम मोडून पाहावा. माझ्या वर्गात श्रीखंडाचा एक रिकामा डबा आहे. त्यात ताल, कायदे, तिहाया आणि लयी लिहिलेल्या चिठ्ठ्या असतात. मुलगा एक चिठ्ठी काढतो आणि जे निघेल ते, हात गरम असो वा नसो, पहिल्याच खेपेला वाजवतो. रूपकावर अडखळलेला तो विद्यार्थी आता 'मध्यमा प्रथम'ची तयारी करतो आहे आणि डब्याची मांडणी त्याच्याकडेच आहे. अधूनमधून त्यात एखादी कोरी चिठ्ठी असते. ती निघाली की दोन मिनिटे हात मांडीवर ठेवून नुसते बसायचे. मुलांना तीच सर्वांत जास्त आवडते, आणि फी भरून मुलगा नुसता का बसला आहे हे दाराशी थांबलेल्या पालकांना सांगताना माझा सर्वांत जास्त वेळ तिच्यापायीच जातो.

आपला नम्र,
एक तबला शिक्षक,
अमळनेर, जि. जळगाव